इन्युइट सांगत होते तेच

डॅन सिमन्स यांच्या ‘द टेरर’ या २००७ सालच्या भयकादंबरीत बर्फात अडकलेल्या दोन जहाजांभोवती एक अक्राळविक्राळ प्राणी घिरट्या घालतो आणि एकेका खलाशाला टिपतो. तो प्राणी कल्पनेतला. जहाजं मात्र खरी, कप्तान खरे आणि परत न आलेली १२९ माणसंही खरी.

१९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँकलिन यांच्या हाताखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश आरमाराची जहाजं इंग्लंडहून निघाली. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून पॅसिफिकला जाणारी वाट त्यांना शोधायची होती. दोन्ही जहाजं त्याआधी अंटार्क्टिकाची सफर करून सुखरूप आली होती. आता त्यांच्या नाळेवर लोखंडी पत्रे ठोकले होते, पोटात वाफेची इंजिनं बसवली होती आणि तीन वर्षांचा शिधा भरला होता. त्या बर्फात शिकार कशी करायची, अंगावर काय घालायचं, हे तिथल्या इन्युइट लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. आरमाराने ते शिकून घेतलं नाही.

सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाजवळ बर्फाने जहाजांना जखडलं. पुढचा उन्हाळा आला तरी पकड सुटली नाही.

या साऱ्याचा लेखी पुरावा म्हणजे एक छापील फॉर्म. १८५९ मध्ये तो दगडांच्या राशीत सापडला. मे १८४७ मध्ये त्यावर सगळं ठीक असल्याची नोंद केलेली आहे. अकरा महिन्यांनी त्याच कागदाच्या कडेला दुसरी नोंद झाली: फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, तोवर २४ जण दगावले, जहाजं सोडली आणि उरलेले १०५ जण कप्तान क्रोझियर यांच्याबरोबर दक्षिणेकडच्या बॅक नदीकडे निघाले. समासात दाटीवाटीने लिहिलेल्या त्या ओळींपुढे कादंबरीतला प्राणी फिका पडतो.

१८५९ मध्येच मॅक्लिंटॉक यांच्या शोधपथकाला बेटाच्या किनाऱ्यावर एक होडी सापडली. घसरगाडीवर बांधलेली, गाडीसकट सहाशे किलोंहून जड. आत दोन सांगाडे होते. शिवाय रेशमी रुमाल, साबण, सपाता, पुस्तकं, चांदीचे चमचे-काटे, चहा आणि चॉकलेट. उपाशी, आजारी माणसांनी हे ओझं बर्फावरून ओढत आणलं होतं. का, याचं उत्तर आजही मिळत नाही, आणि म्हणूनच ती होडी मनातून जात नाही.

काय घडलं हे इंग्लंडला त्याआधीच कळलं होतं. हडसन्स बे कंपनीचे डॉ. जॉन रे हे इन्युइटांच्या पद्धतीने प्रवास करणारे गृहस्थ. १८५४ मध्ये त्यांना सोनेरी पट्टी मिरवणारा एक इन्युइट भेटला. त्याच्याकडून आणि इतरांकडून रे यांनी फ्रँकलिन यांचं मानचिन्ह आणि चांदीच्या वस्तू विकत घेतल्या आणि साक्षी टिपल्या: गोरी माणसं चालता चालता कोसळली, शेवटी शेवटी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन जगत होती.

लंडन खवळलं. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात इंग्रज खलाशी असं करणारच नाहीत असा युक्तिवाद केला आणि संशय इन्युइटांवरच ढकलला. इतका मोठा, करुणेचा लेखक इतका अन्याय करतो, हे वाचताना आजही वाईट वाटतं. मॅक्लिंटॉक यांना ‘सर’ किताब मिळाला, रे यांना कधीच नाही.

१९९० च्या दशकात संशोधक अ‍ॅन कीनलीसाइड यांनी बेटावरची हाडं तपासली, तेव्हा त्यांवर सुरीच्या खुणा निघाल्या. जहाजांचंही तसंच झालं. एक जहाज दक्षिणेला बुडाल्याचं इन्युइट एकोणिसाव्या शतकापासून सांगत होते. गावोगावच्या वृद्धांकडून या आठवणी गोळा करण्यात ग्योआ हेवनचे लुई कामूकाक यांनी आयुष्य घालवलं. २०१४ मध्ये ‘एरेबस’ त्याच परिसरात सापडलं. दोन वर्षांनी सॅमी कोगविक या इन्युइट रेंजरने आपण एका खाडीत बर्फातून वर आलेलं लाकूड पाहिल्याचं सांगितलं आणि शोधपथक तिकडे वळलं. पाण्याखाली ‘टेरर’ होतं. त्या खाडीचं नाव आधीपासूनच टेरर बे होतं.

२०२४ मध्ये एका जबड्याची डीएनए-ओळख पटली. तो ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचा होता, कागदाच्या कडेला ती शेवटची नोंद लिहिणारे हेच. जबड्यावर सुरीच्या खुणा आहेत. कप्तानाचा हुद्दाही त्या भुकेपुढे आडवा आला नव्हता. रे यांनी इन्युइटांकडून ऐकलेली हकिकत १७० वर्षांनी प्रयोगशाळेत अशी खरी ठरली.