नाळरक्त प्रत्यारोपणातील ऊतिजुळणी

रक्ताच्या कर्करोगात रुग्णाला दुसऱ्याच्या मूळपेशी देण्याआधी दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरील एचएलए खुणा पडताळतात; या पडताळणीला ऊतिजुळणी म्हणतात. बाळंतपणानंतर वारेत आणि नाळेत उरणारे रक्त हा मूळपेशींचा एक स्रोत आहे. अस्थिमज्जेच्या तुलनेत नाळरक्ताची जुळणी थोडी सैल असली तरी चालते, पण त्यात पेशी मोजक्याच असतात.

एचएलए प्रथिनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. शरीरातील संरक्षक पेशी या प्रथिनांवरून आपले आणि परके ओळखतात. यांपैकी पहिली खूण फ्रेंच वैद्य ज्याँ दॉसे यांनी 1958 साली वर्णिली. 1980 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. नातेवाईक बहुधा रक्तगटाशी ऊतिजुळणीची गल्लत करतात. रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होते आणि पुढे रुग्णाचा रक्तगट दात्यासारखा होतो. एचएलएचे प्रकार हजारोंनी असल्याने अनोळखी माणसाशी जुळणी क्वचितच होते. पिंपळे गुरवमधल्या एखाद्या रुग्णासाठी चाकण-भोसरीच्या कारखान्यांतले सहकारी रक्तदानाला धावून येतात, तेव्हा त्यांचे प्लेटलेट कामी येतात. मूळपेशींसाठी मात्र आधी सख्खी भावंडे तपासतात.

मुलाला एचएलएचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते, तर आईवडिलांशी निम्मी जुळणी ठरलेलीच. मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्ने चालत आलेल्या घरांत दोन्ही बाजूंनी तोच संच येऊ शकतो. तिथे चुलत-मामे नात्यांतही शोध घेणे फायद्याचे ठरते. जातीतच लग्ने होत राहिल्याने काही संच ठरावीक समाजांत अधिक आढळतात, म्हणून परदेशी नोंदणीत भारतीय रुग्णाला दाता मिळणे अवघड जाते.

प्रौढ अनोळखी दात्याची जुळणी आठ किंवा दहा खुणांवर पाहतात आणि ती शक्यतो पूर्ण असावी लागते. नाळरक्तासाठी जुना दंडक सहा खुणांचा आहे: ए, बी आणि डीआरबी1 यांच्या प्रत्येकी दोन. त्यांतल्या चार जुळल्या तरी ते वापरता येते. नवजात बाळाच्या टी पेशींची परक्या जंतूंशी गाठ जवळजवळ पडलेली नसते, त्यामुळे त्या रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर तितक्या त्वेषाने तुटून पडत नाहीत. पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमान यांनी 1988 साली पहिले नाळरक्त प्रत्यारोपण केले ते फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या मुलावर, जुळणाऱ्या बहिणीच्या नाळरक्ताने. अपुऱ्या जुळणीचा अनुभव नंतर आला. जुळणीतली ही सवलत अमर्याद नसल्याचे 2011 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले: सी ही खूण न जुळल्यास उपचारातील मृत्यू वाढतात. त्यामुळे आता सी धरून आठ खुणा बारकाईने तपासण्याकडे कल आहे. न जुळणाऱ्या खुणेविरुद्ध रुग्णाच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे असतील, तर नाळरक्ताची ती पिशवी शक्यतो टाळतात.

पेशींचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. वीस किलोच्या मुलाला 50 कोटी पुरतात, साठ किलोच्या माणसाला 150 कोटी हव्यात, आणि बऱ्याच पिशव्यांत तेवढ्या नसतात. जुळणी उत्तम पण पेशी अपुऱ्या, अशी पिशवी उपयोगाची नाही. खुणा कमी जुळत असतील तर पेशी आणखी जास्त लागतात. प्रौढांसाठी दोन पिशव्या देण्याची पद्धत निघाली, पण अखेरीस बहुधा एकीच्याच पेशी टिकतात. पेशी कमी असल्याने नवे रक्त तयार व्हायला वेळ लागतो आणि त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 साली भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. आज भावंड जुळले नाही तर देशातील अनेक केंद्रे आई, वडील किंवा मुलाकडून ‘हाफ मॅच’ प्रत्यारोपण करतात. प्रत्यारोपणानंतर दिलेल्या सायक्लोफॉस्फामाइड या औषधामुळे ते शक्य झाले. नाळरक्ताची पिशवी महाग, दाता मात्र घरातच, त्यामुळे नाळरक्त मागे पडले.

बाळाचे नाळरक्त त्याच्याचसाठी साठवण्याची जाहिरात प्रसूतिगृहांत सर्रास दिसते. त्या रक्ताची बाळाशी जुळणी अर्थातच शंभर टक्के असते, आणि ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, तोच त्याचा दोष आहे. परक्या पेशी उरलेल्या कर्करोगावर हल्ला करतात, स्वतःच्या करत नाहीत. शिवाय बालपणीच्या काही ल्युकेमियांची जनुकीय बीजे जन्मतःच रक्तात असतात. नाळरक्त बँकांना औषध नियमांतील 2011 च्या दुरुस्तीनुसार परवाना लागतो, पण परवाना म्हणजे उपयुक्ततेची हमी नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद केवळ ‘भविष्याचा विमा’ म्हणून खासगी साठवण करण्याची शिफारस करत नाही. कुटुंबात आधीच प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार झालेले मूल असेल, तर त्याच्या होणाऱ्या भावंडाचे नाळरक्त जपणे योग्य ठरते. तशा घराने प्रसूतीपूर्वीच रक्तविकारतज्ज्ञाला गाठावे.