कार्व्हर जिथे शिकले त्या कॉलेजात शेतीचं काय काय शिकवायचे?

पावसाळ्यात गावात कृषीदूत, कृषीकन्या येतात. बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. शेतीची पदवी घेणाऱ्या पोरापोरींना गावात का पाठवतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. ज्या विचारातून हे आलं, तो समजून घ्यायला दीडशे वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागतं. तिथलं एक कॉलेज मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकातले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथेच शिकले. आयोवा राज्यातल्या एम्स गावचं हे कृषी महाविद्यालय, म्हणजेच आजचं आयोवा स्टेट विद्यापीठ.

कॉलेज कसं उभं राहिलं?

१८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. राज्याचा संसदेत जेवढा सदस्य, त्या प्रत्येकामागे ३०,००० एकर सरकारी जमीन राज्याला मिळाली. त्या जमिनीच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज चालवायचं, अशी अट होती. ही जमीन मूळची तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली, हेही विसरता येत नाही. कायद्याच्या अटी सर्वांत आधी स्वीकारल्या त्या आयोवाने. १८६९ मध्ये कॉलेज रीतसर सुरू झालं. मुलींनाही पहिल्यापासून प्रवेश होता. १८७२ च्या पहिल्या तुकडीत २४ मुलं आणि २ मुली पदवीधर झाल्या.

अभ्यासक्रम काय होता?

- विज्ञान: वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित.
- शेती: पिकं, फळबाग, जनावरांची पैदास.
- यंत्रविद्या: शेतीच्या बरोबरीने, सुरुवातीपासूनच.
- गृहशास्त्र: मुलींसाठी, १८७० च्या दशकात.
- पशुवैद्यक: १८७९ पासून; सरकारी कॉलेजात असा विभाग अमेरिकेत पहिलाच.

वर्गाबाहेर कॉलेजच्या शेतावर हाताने कामही करावं लागे. सुरुवातीच्या काळात मोठी सुट्टी हिवाळ्यात असे. त्या दिवसांत विद्यार्थी खेड्यातल्या शाळांत शिकवून चार पैसे कमवू शकत.

कार्व्हर आणि एम्स

गुलामगिरीत जन्मलेले कार्व्हर १८९१ मध्ये इथे दाखल झाले. या कॉलेजातले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते टस्कीगीला गेले. पुढे १९०६ पासून तिथून अवजारं आणि बियाणं भरलेली घोडागाडी गावोगाव फिरू लागली. ही फिरती शाळाच होती.

कॉलेज बांधावर आलं

१८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याला संशोधन केंद्रासाठी वर्षाला १५,००० डॉलर मिळू लागले. पण केंद्रातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत न्यायचं कसं? १९०४ मध्ये आयोवाचे प्राध्यापक पेरी होल्डन यांनी थेट रेल्वेगाडी काढली. गाडी स्टेशनावर थांबायची, शेतकरी डब्यात चढायचे आणि मक्याचं बियाणं कसं निवडायचं, पेरणीआधी उगवण कशी तपासायची ते शिकायचे.

आपल्याकडे काय?

शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली, हीच रचना भारताने कृषी विद्यापीठांसाठी घेतली. पहिलं विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला झालं. महाराष्ट्रात राहुरी १९६८, अकोला १९६९, तर परभणी आणि दापोली १९७२.

म्हणजे गावात येणारा कृषीदूत काही उपकार करत नाही, तो त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे. आणि त्याचं ऐकणं, त्याला प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे. यंदा तो आला की फोटोपुरतं उभं राहू नका. घरचं सोयाबीन बियाणं घेऊन जा. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण चाचणी त्याच्याकडून करून घ्या. ७० पेक्षा कमी उगवले, तर एकरी बियाणं किती वाढवायचं किंवा ते बदलायचं का, हेही विचारा. दुबार पेरणीचा खर्च वाचला, तर त्याची पदवीही सार्थकी लागेल आणि आपला हंगामही.