लेण्यांतील उजेड

भीमाशंकराच्या वाटेवर, आंबेगांव तालुक्यांत, तळेघर नांवाचें गांव आहे. सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस असा कोसळतो कीं, घर बांधणाऱ्यास प्रथम त्याचाच विचार करावा लागे. कारवीच्या कुडास शेणामातीचा लेप, वर खालपर्यंत उतरत आलेलें छप्पर आणि उजेडाला काय तें एक दार, अशी या डोंगरपट्टींतील जुन्या घरांची ठेवण. पाऊस बाहेर राही. पण त्याबरोबर उजेडही बाहेरच राही. जी भिंत रक्षण करते तीच अंधार करते, हा बांधकामांतला फार जुना पेंच आहे.

याच मुलुखांत दोन हजार वर्षांपूर्वीं पाथरवटांनीं तो मोठ्या विचारानें हाताळला. तळेघरच्या ईशान्येस जुन्नरच्या भोंवतालचे डोंगर लेण्यांनीं भरलेले आहेत. नाणेघाटानें कोंकणांतून चढणारा व्यापार जुन्नरास येई, आणि व्यापाऱ्यांच्या व इतर उपासकांच्या दानांतून भिक्षूंसाठीं हीं लेणीं कोरलीं गेलीं. विटेच्या भिंतींत चुकलेली खिडकी उद्यां बुजवून दुसरीकडे पाडतां येते. खडकांत ती सोय नाहीं. लेणें छतापासून खालीं कोरीत आणावयाचें, आणि बहुधा एकच बाजू उघडी. तेव्हां उजेड कोठून येणार व कोठवर पोंचणार, हें पहिला घाव घालण्यापूर्वींच ठरवावें लागे.

लेण्याद्रीचीं सुमारे तीस लेणीं दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हें स्थळ उत्तर अक्षांश १९ च्या किंचित् वर आहे. त्यामुळें डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर राहतो आणि दक्षिणेच्या दारांतून ऊन आंत येतें. जूनच्या अखेरीस तोच सूर्य डोक्यावरून चार अंश उत्तरेकडे कललेला असतो. माध्यान्हींचें ऊन दाराला शिवतही नाहीं. थंडींत ऊब आणि उन्हाळ्याच्या शेवटीं सांवली, असें दुहेरी काम एकाच उघड्या बाजूनें साधतें.

ज्या विहारांत आज अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मज विराजमान आहे, तो सुमारे ५७ फूट लांब, ५१ फूट रुंद व ११ फूट उंच आहे. आंत एकही खांब नाहीं. ४७ अंशांवरचें ऊन दाराच्या उंचीइतकेंच काय तें आंत जातें. पुढचा उजेड उसना असतो: ओसरीच्या जमिनीवर पडलेला प्रकाश छतावर उसळतो व तेथून मागच्या भिंतीकडे जातो. पण काळा पाषाण या कामांत कृपण. त्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडाच अंश तो परत देतो. चुन्याची पांढरी सफेती तीनचतुर्थांशाहून अधिक देते. लेण्यांच्या भिंतींना गिलावा देण्याची चाल होती, ती नुसत्या शोभेची नव्हती.

खांबाविना एवढें छत टिकलें तें कशानें? सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा हा अखंड थर दाब प्रचंड सोसतो. ताण मात्र त्याच्या लहानशा अंशाइतकाच. वरचा डोंगर जाड व सलग, म्हणून भार कमानीसारखा दोन्ही बाजूंस उतरतो. काँक्रीटचाही स्वभाव हाच. १८६७ सालीं फ्रान्समध्यें जोसेफ मोनिए यानें लोखंडाच्या जाळीवर सिमेंट घालण्याचें पेटंट घेतलें; त्या वाटेनें पुढें पोलाद ताण सोसूं लागलें. भार खांब-तुळयांवर गेला, आणि भिंत त्यांतून सुटली. तळेघरच्या कुडाला जें शक्य नव्हतें तें शक्य झालें: भिंतभर खिडकी.

येथेंच मावळांतल्या कार्ल्याचें चैत्यगृह आठवावें. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या दालनांत नालाच्या आकाराच्या उंच गवाक्षांतून येणारा प्रकाश स्तूपावर पडतो, आणि खांबांमागच्या वाटा सांवलींत राहतात. जेम्स फर्ग्युसन यानें १८७६ सालच्या आपल्या ग्रंथांत या योजनेची मनापासून स्तुति केली. गवाक्ष मोठें आहे, पण तें जेथें हवें तेथेंच आहे.

आजच्या पुष्कळ इमारतींत हाच विवेक सुटलेला दिसतो. कांच सूर्याचा प्रकाश व त्यासोबतची उष्णता आंत सोडते. तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र सहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. मग पश्चिमेच्या कांचेवर पडदे ओढावे लागतात आणि भरदुपारीं दिवे लावावे लागतात. निळा प्रकाश देणाऱ्या दिव्याच्या शोधास २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधामुळें थोड्या विजेंत लख्ख पांढरा उजेड मिळूं लागला. परंतु दिवा स्वस्त झाला म्हणून खोली अंधारी बांधावी, असें नव्हे. पाथरवटाजवळ दुसरा उपाय नव्हता, म्हणून त्यानें दिशा आधीं पाहिली. इंजिनिअराजवळ आज पुष्कळ उपाय आहेत. म्हणूनच नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीं सूर्य कोठून येतो, हें त्यानें पाहिलें पाहिजे.