कॉनी मॅक : पन्नास हंगामांचा कारभारी

संघाचा धुरीण म्हटला म्हणजे त्याचा आवाज खणखणीत असावा, अशी आपली समजूत असते. बेसबॉल हा अमेरिकन खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाही. तरी त्यातील कॉनी मॅककडे पाहिले म्हणजे ही समजूत ढिली पडते. १९०१ पासून १९५० पर्यंत, सलग पन्नास हंगाम, हा गृहस्थ फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्स संघाचा व्यवस्थापक होता. अंगात साधा कोट, गळ्याला ताठ कॉलर; बाकावर बसून हातातील गुणपत्रक हलवून तो क्षेत्ररक्षकांना इकडेतिकडे सरकवी. शिवी सहसा तोंडी येत नसे. खेळाडू त्याला ‘मिस्टर मॅक’ म्हणत.

१९२९ ची गोष्ट घ्या. हॉवर्ड एम्के हा पस्तिशीचा, उतरणीला लागलेला चेंडूफेक्या. मॅक त्याला रजा देण्याच्या बेतात होता. आपल्या दंडात अजून एक चांगला सामना शिल्लक आहे, असे एम्केने सांगितले आणि मॅकने ते मानले. इतकेच नव्हे, तर अजिंक्यपदासाठी ज्यांच्याशी गाठ होती त्या शिकागो संघाचे सामने पाहावयास त्याला गुपचूप धाडले. ८ ऑक्टोबरला पहिल्याच सामन्यात ग्रोव्ह, अर्नशॉ ही बडी मंडळी बाजूस राहिली आणि एम्के उतरला! तेरा वेळा त्याने फलंदाजाला चेंडू टोलवू न देताच परत पाठविले. सामना ३-१ असा जिंकला.

पण आपण येथेच थांबलो तर ते चरित्र नव्हे, आरती होईल. १९१० ते १९१४ या काळात तीनदा अजिंक्यपद मिळविलेला संघ मॅकनेच पैशाच्या ओढीत मोडून टाकला, आणि पुढे सलग सात वर्षे तो तळाशी राहिला. १९३२ नंतर पुन्हा तेच. सिमन्स, ग्रोव्ह, कॉक्रन, फॉक्स एकेक करून दुसऱ्यांकडे गेले. दुसरा कोणी असता तर त्याला केव्हाच नारळ मिळाला असता. परंतु मॅक संघाचा भागीदार मालकही होता. त्याला काढणार कोण? त्याच्या नावावर ३,७३१ विजय आहेत, तसे ३,९४८ पराभवही, दोन्ही उच्चांकच. आम्हांला हे दोन आकडे वेगळे काढता येत नाहीत. ज्या दीर्घ मुदतीने त्याला एम्केसारख्यावर विश्वास टाकण्याइतकी निश्चिंती दिली, तिनेच त्याला वेळेवर उठू दिले नाही.

१९५० मध्ये वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी तो बाकावरून उठला. त्या हंगामात संघ १०२ सामने हरला होता.