पैठणीचा पदर

गोदावरीच्या कांठचें पैठण म्हणजे सातवाहनांचें प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तांत भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर हें नगर असल्याचें नमूद आहे. पैठणच्या वस्त्रकलेचा पुरावा म्हणून हा उल्लेख पुष्कळदां पुढें करण्यांत येतो. परंतु त्या वृत्तांत पैठणचा माल म्हणून सांगितला आहे तो अकीकासारखा दगड. कापड जाई तें तगरहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवाहून. पैठणीची थोरवी सिद्ध करण्यासाठीं असल्या ओढाताणीची गरज नाहीं. तिचा पदर उलटून पाहिला म्हणजे पुरे.

इतर जरतारी वस्त्रांच्या मागील बाजूस बहुधा सुट्या धाग्यांचें जाळें दिसतें. खऱ्या पैठणीच्या पदरास तें नसतें. नक्षींतील प्रत्येक रंगाच्या रेशमाची लहानशी कांडी वेगळी. तिला विणकर तिळी म्हणतात. ही तिळी आपल्या रंगापुरतीच आडवी जाते आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकून मागें फिरते. पदरावर अशा कितीतरी तिळ्या एकाच वेळीं खेळत असतात. येथें नक्षी कापडावर काढलेली नसते, कापडच नक्षीचें बनलेलें असतें. म्हणून दोन्ही बाजू सारख्या. बांगडी-मोर, असावली, मुनिया हीं नांवें स्त्रियांच्या तोंडीं असतात. पण एक मोर उभा राहावयास किती वेळां हात फिरतो, हें मागाशीं बसल्यावांचून कळत नाहीं. दाट नक्षीचा पदर दिवसाला बोटा-दोन बोटांनींच पुढें सरकतो.

असें संथ काम पोसावयास तसाच ग्राहक लागतो. माधवराव पेशव्यांनीं पैठणहून तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे असावली दुपट्टे मागविल्याचें पत्रांत नमूद आहे. येवल्यास रघुजी नाइकांनीं विणकर आणून वसविले, अशी तेथील परंपरा आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुण्याच्या दरबाराचें गिऱ्हाईक संपलें.

तरीहि पैठणीचा खरा घात केला तो तिच्याच मोलानें. जुनी जरतार म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार. ती ओढणारे तारकस वेगळे, चपटी करणारे चापडे वेगळे. रेशीम विरे, चांदी मात्र राही. त्यामुळें फाटलेली पैठणी सहसा कोणी जपून ठेवीत नसे. जरतार विकत घेणारा दारांत आला कीं तें वस्त्र त्याच्या तागडींत पडे. पुढें तें जाळून राखेंतून धातु काढण्यांत येई, आणि घरांत चार पैसे किंवा भांडीं येत. अडचणीच्या वेळीं त्यांत गैर तें काय? लेकीच्या लग्नास आजीच्या पैठणीची मदत होई. पण चांदी पुन्हा घडवितां येते. एका विणकराच्या हातचा पदर जळाला कीं त्याच्याबरोबर पुढच्या विणकराला पाहावयास मिळाला असता असा नमुनाहि जातो. जुन्या पेट्यांत पणजीची पैठणी क्वचितच सांपडते, त्याचें एक मोठें कारण हेंच.

पैठण आणि येवलें येथील माग आजहि चालतात. २०१० सालीं पैठणीस भौगोलिक निर्देशांकहि मिळाला. जरतार मात्र बहुधा सुरतेहून येते, आणि तींत पुष्कळदां तांब्याची तार असते. असली पैठणी जाळून कांहींच हातीं लागावयाचें नाहीं. तेव्हां निदान जरतारेपायीं तरी ती भट्टींत जाणार नाहीं.