सुरक्षित मुद्दल आणि १८६५ ची मुंबई

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि त्याचे पडसाद मुंबईच्या कापूसबाजारात उमटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडली. भाव भराभर चढले. सोन्याचांदीचा ओघ मुंबई बंदरात येऊ लागला, आणि एवढा पैसा गुंतवावा कोठे, असा प्रश्न शहरापुढे उभा राहिला.

तोपर्यंत मुद्दल ठेवण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. जमीनजुमला, दागिने, ओळखीच्या सावकाराची पेढी आणि सरकारी कर्जरोखे. रोख्यांवर वर्षाला चार-पाच टक्के व्याज मिळे. पण शेजाऱ्याच्या शेअरचा भाव डोळ्यांदेखत दुप्पट-तिप्पट होत असता चार-पाच टक्क्यांवर समाधान मानणार कोण? नव्या बँका निघाल्या, कर्जे देणाऱ्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द या बाजारात प्रमाण मानला जाऊ लागला.

सट्टेबाज बुडाला तर त्यात नवल नाही. पण त्या काळाची खरी शिकवण सावध माणसाच्या फसगतीत आहे. अशा माणसाला बँक ऑफ बॉम्बे ही संस्था निर्धास्त वाटे. १८४० साली स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचे भाग होते आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत. परंतु १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली व कंपन्यांचे शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली. शेअर ठेवून कर्ज काढावे, त्या कर्जाने आणखी शेअर घ्यावेत, असे चक्र सुरू झाले. बाहेरून बँकेचे नाव तेच होते. तिजोरीतील तारण मात्र बदलले होते.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपण्याच्या चिन्हांबरोबरच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मोठमोठ्या वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. तो उजाडला तेव्हा वायदे पुरे करणे अनेकांना अशक्य झाले. बॅकबेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर उतरला. १८६८ साली ही बँक मोडीत निघाली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तिच्या अपयशाची चौकशी केली.

ज्याने आपली पुंजी थोडी कापसात, थोडी जमिनीच्या कंपनीत आणि थोडी बँकेच्या शेअरमध्ये विभागून ठेवली होती, त्याला आपण सुरक्षित आहोत असेच वाटले असणार. पण ही विभागणी नावापुरती होती. तिन्ही ठिकाणची किंमत कापसाच्या भावावर उभी होती, आणि तो पाया खचताच तिन्ही एकदम खाली आल्या. सरकारी रोख्याचे व्याज मात्र राज्याच्या महसुलातून येई. म्हणून ते त्या वर्षीही चुकले नाही.

अर्थात रोखा म्हणजे पूर्ण अभय नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर व्याजाचे दर वाढले, तेव्हा साडेतीन टक्क्यांच्या जुन्या सरकारी कागदाचा बाजारभाव दर्शनी किमतीच्या बराच खाली गेला. व्याज नियमित मिळत राहिले. पण गरजेपोटी कागद विकावा लागला, त्याच्या मुद्दलात तूट आली. महागाईने रुपयाची खरेदीशक्ती घटते, ती झळ वेगळीच.

प्रत्येक आपत्तीनंतर व्यवस्थेत थोडे शहाणपण आले. १८७६ च्या कायद्याने इलाख्यांच्या बँकांवर कडक बंधने आली. १८८२ साली पोस्टाची बचतपेढी निघाली आणि लहान पुंजीला देशभर थारा मिळाला. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १९६२ च्या आरंभापासून बँकठेवींचा विमा अमलात आला. प्रथम ही हमी ठेवीदारामागे १,५०० रुपयांची होती. २०२० साली ती ५ लाखांपर्यंत वाढली. या हमीचा लाभ ठेवीदाराला मिळतो, बँकेच्या भागधारकाला नव्हे, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

संस्थेचे नाव मोठे आहे की नाही, एवढ्यावरून गुंतवणुकीची पारख होत नाही. परतफेड कोण करणार, ती कोणत्या उत्पन्नातून करणार, आणि आपली उरलेली पुंजीही त्याच उत्पन्नावर विसंबून आहे काय, हे आधी विचारावे लागते. १८६४ च्या मुंबईत हे प्रश्न विचारणारा माणूस मंद बुद्धीचा ठरला असता. पुढच्याच वर्षी त्याच्या घरातील चार-पाच टक्क्यांचे रोखे शाबूत राहिले.