ठासणीची बंदूक

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी किंवा छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागतात अशी बंदूक. गडचिरोली व चंद्रपूर या भागांत ती भरमार या नावाने ओळखली जाते. मागील बाजूने काडतूस भरण्याच्या बंदुका आल्यावर सैन्यातून ती एकोणिसाव्या शतकातच बाद झाली. शेतकऱ्याच्या घरात मात्र ती टिकून राहिली. त्याचे एक कारण स्वस्ताई आणि दुसरे भारतीय कायदा. पिकांच्या राखणीसाठी शेतकऱ्याने कोणती बंदूक घ्यावी, याचे उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ मध्येच दिलेले आहे, आणि ते उत्तर म्हणजे ठासणीची बंदूक. वर्धा जिल्ह्यातील केळझर (तालुका सेलू) व त्याच्या आसपासच्या जंगलकाठच्या गावांचा संदर्भ समोर ठेवून तिची रचना, निवड आणि तिच्यावरील कायदेशीर मर्यादा यांची माहिती येथे दिली आहे.

== शब्दविचार ==

'ठासणे' या क्रियापदावरून हे नाव पडले. 'ठासून भरणे' आणि 'ठासून सांगणे' हे प्रयोग त्याच क्रियापदाचे होत. 'फुसका बार' हा वाक्प्रचारही बंदुकीच्या आणि तोफेच्या व्यवहारातूनच भाषेत रुळला. बत्ती देण्याच्या पद्धतीवरून या बंदुकीचे तीन प्रकार होतात. पेटत्या वातीने बार उडवायची ती तोड्याची बंदूक, गारगोटीच्या ठिणगीने उडवायची ती चकमकीची, आणि स्फोटक द्रव्य भरलेल्या तांब्याच्या लहान टोपीवर घोडा आपटून उडवायची ती टोपीची किंवा केपाची बंदूक. तोड्याच्या पेटत्या वातीला जामगी आणि कान्यावर, म्हणजे नळीच्या छिद्रावर, टाकायच्या बारीक दारूला रंजक म्हणत. 'मनोरंजक' या अर्थाच्या 'रंजक' शब्दाशी या रंजकाची गल्लत करू नये.

== रचना ==

लोखंडाची किंवा पोलादाची नळी, लाकडी दस्ता, घोडा, चाप आणि नळीखाली खोवलेला गज हे तिचे मुख्य भाग. नळीचे मागचे टोक पक्के बंद असते आणि सारा जोर त्याच टोकावर येतो. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आत पिळाच्या खाचा असतील तर ती रायफल. बोलीत दोन्हींना बंदूकच म्हणतात, परंतु कायद्याच्या आणि नेमाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पिळाच्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या एकेरी गोळीचा नेम साधारण पन्नास-साठ मीटरपलीकडे भरवशाचा राहत नाही. उलट तिच्यातून छर्रे उडवता येतात, आणि रायफलीतून ते नीट उडत नाहीत.

== इतिहास ==

मराठ्यांच्या सैन्यात तोड्याच्या बंदुका होत्या. चकमकीच्या बंदुका यूरोपीय व्यापाऱ्यांकडून आणि पुढे कंपनीच्या फौजांबरोबर आल्या. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले. टोपीची बंदूक ही त्याचीच पुढची पायरी होय. तिच्यामुळे पावसाळी हवेत बार चुकण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. १८५७ च्या उठावाशी ज्या काडतुसांचे नाव जोडले जाते ती १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची होती. हीसुद्धा ठासणीचीच रायफल. कागदी काडतूस दातांनी फोडून दारू नळीत ओतावी लागे, म्हणून चरबीचा प्रश्न उभा राहिला. पुढच्या दशकात इंग्रज सैन्याने मागून भरण्याच्या स्नायडर रायफली स्वीकारल्या.

मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. याच काळात मध्य प्रांतात नोकरीस असलेले कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांनी शिकारीच्या रायफलीविषयी १८६२ मध्ये पुस्तक लिहिले. (टोपीच्या शोधाशी संबंधित फोर्साइथ ते हे नव्हेत.) मोठ्या जनावरासाठी ठासणीची रायफल कशी निवडावी, हा त्यांचा विषय. जड गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीत अगदी मंद पीळ असावा, असे त्यांचे मत होते. पीळ तीव्र असला तर जास्त दारूच्या धक्क्याने गोल गोळी खाचा सोडून घसरते, असा त्यामागचा हिशेब होता. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशाविषयीचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रकाशित झाले.

फोर्साइथ यांची ही चर्चा साहेबांपुरती होती. सामान्य रयतेच्या हाती शस्त्र राहू नये, असेच १८५७ नंतरचे सरकारी धोरण होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची अट देशभर पक्की झाली आणि यूरोपीयांना त्यातून मोकळीक मिळाली. विदर्भाच्या गावांत बंदूक असलीच तर ती बहुधा मालगुजाराच्या वाड्यात असे. पारध्यांची शिकार फासे व जाळी यांच्यावर चाले. १९३० मध्ये महात्मा गांधींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मीठ आणि शेतसारा यांच्याबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याची मागणीही होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ही मागणी करावी याचे आज अनेकांना नवल वाटते. पण तिचा रोख हिंसेकडे नव्हता, निःशस्त्र केलेल्या प्रजेच्या अपमानाकडे होता.

== केळझर परिसर आणि राखण ==

केळझर हे नागपूर-वर्धा मार्गावरील गाव तेथील सिद्धिविनायक मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी स्थानिक परंपरा सांगते. पांडवांच्या कथेतील एकचक्रेत बकासुर गावाचे अन्न खाऊन जाई. आजच्या केळझरच्या शेतकऱ्याचे पीक रानडुकरे आणि रोही (नीलगाय) खाऊन जातात. बोर अभयारण्य याच टापूत आहे. ते १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आसपासच्या शिवारांत कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, गहू अशी पिके घेतली जातात. हरभरा आणि तूर भरात आल्यावर रात्रीची जागल चुकत नाही. मचाण, शेकोटी, गोफण, डबे वाजवणे, कुत्री ही जागलीची जुनी साधने. रानडुकरांचा कळप ज्या वावरात शिरतो तिथे खाण्यापेक्षा उकरण्याने आणि तुडवण्याने अधिक नासाडी होते. एका रात्रीत हंगाम जातो.

== निवड ==

शिकारीसाठी बंदूक निवडणे आणि राखणीसाठी निवडणे यांत फरक आहे. शिकाऱ्याला दूरचा नेम हवा असतो. राखणदाराला बार खात्रीने उडणारी, देखभालीस सोपी आणि खर्चाला झेपणारी बंदूक पुरते. म्हणून खाचांची रायफल शेतकऱ्याच्या कामाची नाही. ती महाग असते, भरायला वेळ लागतो आणि परवान्याच्या दृष्टीनेही तिची वाट वेगळी आहे. टोपीची, एकनळी, गुळगुळीत नळीची बंदूक ही या कामासाठी योग्य निवड ठरते. काडतुसाच्या बंदुकीला दर बारास नवे काडतूस लागते. हिला दारू, छर्रे, चिंधी आणि टोपी एवढेच लागते, आणि दारू व टोपीही परवान्यावरच मिळते.

जुनी बंदूक स्वस्त मिळते म्हणून डोळे मिटून घेणे धोक्याचे आहे. प्रथम नळी पाहावी. मागच्या टोकाजवळ गंजाचे खड्डे असतील, नळीला पोचे किंवा फुगवटा असेल, तर ती बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नये. नळीत गज सोडून तो तळाला स्वच्छ वाजतो का, हे पाहावे. मंद आवाज आला तर आत जुना बार पडून असण्याचा संभव असतो, आणि वर्षानुवर्षे भरलेल्या अवस्थेत भिंतीला टांगलेल्या बंदुकांनी अनेक अपघात केले आहेत. टोपी ज्या लहान पोकळ खुंटीवर बसते तिचे आटे झिजलेले नसावेत; झिजलेली खुंटी बार उडताना नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उडू शकते. अर्धा चढवलेला घोडा चाप दाबल्यावर पडता कामा नये. नळीची लांबी, वजन, दस्त्याची बेतीव हे नंतरचे विचार.

नळीवर निर्मात्याचे नाव आणि क्रमांक असलाच पाहिजे. ओळखखूण नसलेले किंवा खूण खोडलेले शस्त्र विकणे व बाळगणे शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ खाली येते. गावठी लोहाराने पाण्याच्या पाइपातून घडवलेली भरमार कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय असा पाइप दारूचा दाब सोसण्यासाठी बनवलेला नसतो आणि तो फुटला तर पहिली इजा मालकालाच होते. गडचिरोली जिल्ह्यात अशा अनेक बंदुका ग्रामस्थांनी पोलिसांकडे स्वेच्छेने जमा केल्या आहेत.

अमेरिकेत अनेक राज्यांत केवळ ठासणीच्या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो. १९८० च्या दशकात तेथे टोपी नळीच्या सरळ रेषेत मागे बसवलेल्या नव्या रायफली निघाल्या. भारतातील परवान्याच्या व्यवहाराशी त्यांचा संबंध येत नाही. त्या वर्णनांवरून येथे निवड करू नये.

== वापर व काळजी ==

या बंदुकीत केवळ काळी दारू चालते. काडतुसातील धूरहीन दारू काढून हिच्यात भरल्यास नळी फुटते. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तरीही तोच धोका संभवतो. म्हणून ठासणी तळापर्यंत गेली याची खात्री व्हावी यासाठी गजावर खूण करून ठेवण्याची पद्धत आहे. बार न उडाल्यास नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून काही वेळ थांबावे. उशिरा उडालेला बार हा सर्वांत फसवा. काळ्या दारूचा मळ हवेतील ओल ओढून घेतो आणि एका रात्रीत गंज धरतो. त्यामुळे वापरानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावणे अटळ असते. विदर्भाच्या पावसाळ्यात हे टाळणाऱ्याची बंदूक दोन वर्षेही धड राहत नाही.

== कायदेशीर स्थिती ==

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ नुसार, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, इतर अडचण नसल्यास, परवाना द्यावा अशी तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला वाटल्यास किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत बंदूकही मंजूर करता येते. हा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात होतो आणि पोलीस चौकशीनंतर निर्णय होतो. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, शेतीसंरक्षणाचे असे परवाने मोठ्या संख्येने आहेत. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे जमा करावयास सांगितले जाते, आणि ते दिवस नेमके पीक उभे असतानाचे आले तर शेतकऱ्यांची तक्रार असते. ती गैरवाजवी म्हणता येत नाही.

परवाना मिळाला म्हणजे जनावरावर बार टाकण्याची मुभा मिळाली, असा सर्रास समज आढळतो. तो चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीस बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार परवान्याची तरतूदही काढून टाकली. उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या जनावराबाबत, ते अनुसूचीतील ज्या वर्गात मोडते त्यानुसार, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कलम ११ खाली लेखी आदेश देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर व रोही यांच्यासाठी या परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. त्या आदेशाशिवाय मारलेले रानडुक्कर ही शिकारच होय, मग ते स्वतःच्या वावरात का मेलेले असेना.

अभयारण्याच्या जवळच्या गावांना आणखी एक अट लागू होते. कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला वनखात्याकडे नाव नोंदवावे लागते, आणि या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. जिथे जनावरांचा उपद्रव सर्वाधिक, तिथेच बंदूक मिळणे सर्वांत कठीण, अशी ही स्थिती आहे. वाघाच्या संरक्षणासाठी ती आवश्यक मानली जाते. रात्रभर जागणाऱ्या शेतकऱ्याला मात्र एका कायद्याने दिलेले दुसऱ्याने काढून घेतल्यासारखे वाटते.

== सद्यस्थिती ==

वर्धा व नागपूर जिल्ह्यांत राखणीसाठी आता झटका मशीनचा वापर वाढला आहे. बॅटरीवर चालणारे हे यंत्र तारेच्या कुंपणात थोड्या थोड्या अंतराने क्षणिक झटके सोडते. जनावर मरत नाही, पण बिचकून मागे फिरते. घरगुती वीज थेट तारेत सोडणे हा याहून अगदी वेगळा प्रकार असून त्यात माणसे आणि वाघही दगावले आहेत. पीकनुकसानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी विहित मुदतीत अर्ज आणि पंचनामा आवश्यक असतो.